खंडेनवमीचा कोंबडा

"तिला इचार, त्यो मिक्सर आज चालणार हाय काय?"

मामांनी हे आत्तींना विचारलं. 'ती' म्हणजे मी. मी मामांपासून हातभर अंतरावर, त्याच कारखान्यात, त्याच दाराशी उभी होते आणि मला दोन्ही कान होते. पण आमच्या घरात सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायचं नाही असा रिवाज होता आणि मामांनी तो लग्नापासून कडक पाळला होता. मामा म्हणजे माझे सासरे, बंडोपंत सुतार. आत्ती म्हणजे सासूबाई. मामांना मला काही सांगायचं असलं की ते आत्तींना सांगत. आत्ती घरात नसल्या तर शेळीला सांगत. एकदा दोघीही नव्हत्या, तेव्हा त्यांनी जात्याकडं बघून "पाव्हणे येणार हायत, च्या जरा जास्त टाका" असं सांगितलेलं मी स्वतः ऐकलंय.

तर ती खंडेनवमीची सकाळ होती. गारगोटी गावातल्या आमच्या कारखान्यात मामांनी पाटावर लाल कापड अंथरून हत्यारं ओळीनं मांडली होती: रंधा, करवत, पटाश्या, वाकस, हातोडा. या दिवशी हत्यारांची पूजा होते आणि त्यांना विसावा असतो. त्या दिवशी सुतार लाकडाला हात लावत नाही आणि लोहार भट्टी पेटवत नाही. हे मलाही ठाऊक होतं. फक्त पाटावरच्या रांगेपलीकडं, कोपऱ्यात, माझं सीएनसी राउटर उभं होतं आणि त्याच्यावर सागवानाची फळी करकचून बांधलेली होती.

"आत्ती, मामांना सांगा," मी म्हटलं, "आज हत्यारांना विसावा, ते बरोबरच आहे. पण हे हत्यार नव्हे असं मामाच म्हणतात. मग याला कसला विसावा? घरातला मिक्सर पण आज चालणारच आहे की, पुरण वाटायला."

आत्तींनी पदर तोंडाला लावला. मामा माझ्याकडं बघू शकत नव्हते, म्हणून ते दारातल्या शेळीकडं वळले.

"चिंगे," ते म्हणाले, "शिकल्याली सून करू नगं."

आता थोडं मागचं सांगायला हवं. मी आयटीआयमधून ड्राफ्ट्समन झाले होते. नवरा कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगावात फौंड्रीत कामाला, रविवारी घरी. आम्ही दोघांनी मिळून हे मशीन आणलं आणि मामांच्या कारखान्यात ठेवलं. संगणकावर चित्र काढायचं, मशीनला द्यायचं, आणि फिरणारं बिट लाकडात ते चित्र कोरत जातं. पहिल्या दिवशी मामा ते बराच वेळ बघत बसले. मग आत्तींना म्हणाले, "हत्याराला हात लागतो. ह्येला बटण लागतंय. मिक्सर हाय ह्यो." तेव्हापासून ते मिक्सरच झालं.

मामा म्हणजे पंचक्रोशीतले एक नंबरचे सुतार आणि एक नंबरचे खोड काढणारे. लग्नाला गेले तर नवरा-नवरी बघायच्या आधी चौरंगाखाली वाकून बघत. देवळात गेले तर हात जोडता जोडता पुजाऱ्याला म्हणत, "बिजागरी तिरकी बसवलीया." त्यांच्या गुरूंची तिरडी बांधली तेव्हा डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, तरी "डावीकडचा बांबू आखूड हाय" एवढं बोलल्याशिवाय त्यांनी खांदा दिला नाही. मात्र माझ्या कामात त्यांनी कधी एकही खोड काढली नव्हती. घरांवरच्या नावाच्या पाट्या झाल्या, फोटोच्या चौकटी झाल्या, मारुतीच्या देवळाची कमान झाली. मामा एक नजर टाकत आणि आत्तींना "बरं हाय म्हणावं" असं सांगून निघून जात. बंडोपंत सुतारांना ज्यात खोड सापडत नाही असं काम मी करते, या गोष्टीची मला भारी मिजास होती. फोनवर नवऱ्यालाही मी ती ऐकवली. आत्तींना सांगितलं तेव्हा मात्र त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं मूल चिखलाचा लाडू करून 'खा' म्हणतं तेव्हा बघतात.

पुढं गणपती झाले आणि मामांनी आत्तींमार्फत निरोप धाडला. दसऱ्यापर्यंत मिक्सर कारखान्यात राहील. तोवर बाजारपेठेत त्याच्यावर केलेली एक तरी पाटी लागली, चार लोकांनी मान वर करून बघितली, तर राहू दे. नाहीतर दसऱ्याला कारखाना साफ करायचा असतो. तेव्हा नवऱ्याच्या चुलतभावाच्या शेडमध्ये नेऊन टाकायचा. म्हणजे मीही परत चुलीपाशी. चुलीबद्दल माझी तक्रार नव्हती, पण चूल मला येत होतीच. मला हे करायचं होतं.

मग नवरात्र बसलं आणि निवास रेडेकर आला. बाजारपेठेत तो कोंबडी थाळीचं हॉटेल काढत होता, 'हॉटेल तुरा'. त्याला सागवानी पाटी हवी होती, वर ऐटबाज कोंबडा, खाली नाव. दसऱ्याच्या संध्याकाळी सोनं वाटायच्या आधी पाटी लावायची, आणि थाळी दुसऱ्या दिवसापासून, कारण नवरात्राचे उपास सुटल्यावर माणूस कोंबडीला नाही म्हणत नाही, हा त्याचा हिशेब होता.

काम सोपं होतं. निवास सोपा नव्हता.

"ताई, ही कोंबडी झाली. कोंबडा पायजे."

मी शेपूट वाढवली.

"आता मोर झाला."

मी शेपूट कापली, छाती फुगवली.

"हां! आता फक्त मिशी काढा."

"कोंबड्याला मिशी नसते, निवासभाऊ."

"माझ्याला पायजे. मला हाय की."

मिशीवरून आमचे तीन दिवस गेले. शेवटी मी त्याचा तुराच असा काढला की बघणाऱ्याला मिशीला पीळ दिल्यासारखा वाटावा. पाच टोकं, प्रत्येक टोक मागं वळलेलं. निवासनं स्वतःच्या मिशीवर हात फिरवला आणि "आता जमलं" म्हणाला. पण तोपर्यंत अष्टमीची दिवेलागण झाली होती. कोंबडा मोठा, कोरणी बारीक. नवमीचा अख्खा दिवस मशीन चालायला हवं, तरच दसऱ्याला घासून, तेल पाजून पाटी वेळेत मिळणार. म्हणून नवमीला सकाळी मी मिक्सरचा मुद्दा काढला होता.

मामा शेळीकडं वळले होते, तेवढ्यात मी बटण दाबलं.

ओळीनं मांडलेली हत्यारं झेंडूची वाट बघत गप्प पडलेली आणि कोपऱ्यात माझं मशीन घूंऽऽ करत भुसा उडवतंय, असा तो देखावा होता. मामा हळदीकुंकवाचं ताट घेऊन पाटापुढं बसले. मंत्र म्हणायला तोंड उघडलं की मशीन आवाज वाढवी. दोनदा त्यांनी पहिल्यापासून सुरुवात केली. मला आतून वाईट वाटत होतं, पण कोंबड्याचे पाय आणि पोट इतकं देखणं उमटत होतं की माझा हात बटणाकडं जाईना.

तेवढ्यात जोती लोहार आले. खंडेनवमीला गावातले कारागीर एकमेकांच्या कारखान्यात प्रसादाला जातात, आणि जोतीआबा त्या सगळ्यांत वडील. मामांना अरेतुरे करणारा गावात तो एकच माणूस उरला होता.

"बंडू, आज कारखान्यातनं आवाज कसा गा?"

"हत्यार न्हवं ते," मामा घाईनं म्हणाले.

"मग?"

मामांनी ताटाकडं बघत सांगितलं, "मिक्सर हाय."

जोतीआबांनी काठी टेकत आत येऊन फळीवर वाकून बघितलं. बिट त्या वेळी पंखातली पिसं काढत होतं. एक पीस संपलं, दुसरं सुरू झालं.

"मिक्सर कोंबडं काढतोय व्हय?"

मामांनी ताटातली कुंकवाची वाटी उगीच इकडची तिकडं केली.

"बंडू, माझी ऐरण आज थंड हाय. आमच्या थोरल्यानं एकदा खंडेनवमीला घण उचलला, तर बानं त्येला दोन दिस जेवाय वाढलं न्हवतं. हे हत्यार असंल तर बंद कर. आणि नसंल तर कारखान्यात का ठेवलंयस? सैपाकघरात न्हे की उचलून."

मी मामांकडं बघत होते. त्यांनी ताट पाटावर ठेवलं, उठले, आणि मशीनपाशी येऊन उभे राहिले. इतक्या जवळ ते कधीच आले नव्हते. पंखावरचा भुसा त्यांनी फुंकरीनं उडवला आणि पिसं निरखली. किती वेळ ते बघत होते, कोण जाणे. आत्ती दारात, शेळी अंगणात, दोघीही हाताशी होत्या. पण मामा वळले ते माझ्याकडं.

"पोरी, बंद कर."

मला वाटलं माझ्या मागं कोणीतरी उभं आहे.

"का, मामा?"

"आज हत्याराला इसावा असतो."

मी बटण दाबलं. घूं थांबलं आणि कारखान्यात एकदम इतकी शांतता झाली की शेळीचं रवंथ ऐकू यायला लागलं.

"आत्ता कसं," जोतीआबा म्हणाले, आणि प्रसादाची वाट बघत बाकावर बसले.

माझ्या छातीत आनंद मावत नव्हता. मशीन हत्यार ठरलं. आणि हत्यार ठरलं म्हणूनच आता उद्यापर्यंत त्याला हात लावता येणार नव्हता. कोंबडा पंखापर्यंत आलेला. मान, डोकं, तुरा आणि खाली हॉटेलचं नाव अजून लाकडातच. वेळेत पाटी लागली नाही तर मामांच्याच शब्दाप्रमाणं हे नवंकोरं हत्यार उद्या शेडमध्ये जाणार होतं. मामा शब्दाला पक्के. माझ्यासाठी तर फारच पक्के.

मामांनी स्वतः जाऊन मेन स्विच खाली ओढला. विसावा म्हणजे पूर्ण विसावा. आणि विसराळूपणात माझ्या मशीनचा हात धरणारं कोणी नाही. वीज गेली की फळी कुठं सुरू होते हेच ते विसरतं. म्हणून मी फळीच्या डाव्या कोपऱ्यात पेन्सिलनं अधिक चिन्हासारखी बारीक फुली काढून ठेवायचे. वीज आली की बिटाचं टोक त्या फुलीच्या मधोमध आणायचं, की मशीनला सगळं आठवलं. फुली आहे, मी स्वतःला समजावलं. उद्या पहाटे सुरू केलं तर दुपारपर्यंत होईल. आणि पुरण वाटायला घरात गेले.

थोड्या वेळानं आत्ती ओलं फडकं पिळत स्वयंपाकघरात आल्या.

"पूजेला लख्ख करून दिलं बग तुझं मशीन. फळीवर पेन्सिलीच्या काय रेघोट्या मारून ठेवल्या हुत्यास गं, त्या बी सगळ्या पुसल्या."

माझ्या हातातलं पुरण पातेल्यात परत पडलं.

"काय झालं?" आत्ती म्हणाल्या.

"काही नाही," मी म्हटलं. सणाच्या दिवशी, इतक्या मायेनं फडकं फिरवलेल्या बाईला काय सांगणार? कारखान्यात धावत जावं तर तिथं मामांची पूजा सुरू झाली होती, आणि पूजा झालेल्या हत्याराला दसऱ्याची सकाळ होईपर्यंत कोणी शिवत नाही. दारातून मला एवढंच दिसलं, की मशीनच्या मोटरवर कुंकवाची पाच बोटं उमटली आहेत, गळ्यात झेंडूची माळ आहे आणि फळीभर फुलं पसरली आहेत. मशीन घोड्यावर बसायला निघालेल्या नवरदेवासारखं दिसत होतं. अंदाजानं बिट टेकवलं आणि नखाएवढं जरी चुकलं, तर तुरा डोक्यावर यायच्या ऐवजी चोचीत उगवला असता.

दिवेलागणीला निवास आला.

"ताई, झालं का कोंबडं?"

"निजलंय."

"आं?"

"आज हत्याराला विसावा आहे."

निवासनं कपाळावर हात मारला. "कोल्हापूरचा बँड सांगितलाय मी! उद्या दुपारपत्तोर न्हाई मिळालं तर फ्लेक्स लावतो बगा. फ्लेक्सवाला मिशी बी काढून देतोय."

त्या रात्री मला झोप लागली नाही. मिशीवाला फ्लेक्सचा कोंबडा सारखा डोळ्यांसमोर येत होता.

दसऱ्याला तांबडं फुटायच्या आत अंघोळ करून मी कारखान्यात उभी राहिले. मामांनी नारळ वाढवला. मग एकेक हत्यार उचलून डोळ्यांना लावलं आणि जागच्या जागी ठेवलं. शेवटी मशीनच्या गळ्यातली माळ काढली आणि मेन स्विच वर केला.

"कर सुरू," ते म्हणाले. मलाच म्हणाले.

माझा धीर सुटला. "मामा, खूण पुसली गेली. कोपऱ्यातली. आता ते कुठून सुरू करायचं?"

मामांनी आत्तींकडं बघितलं. मग कोपऱ्यावरचं एक झेंडूचं फूल अलगद बाजूला केलं.

खाली कुंकवाचे चार ठिपके होते. वर एक, खाली एक, डावीकडं एक, उजवीकडं एक. बोटानं लावलेले नव्हते. आगकाडीच्या टोकानं लावलेले, मोहरीएवढे. माझ्या फुलीच्या बरोबर चार टोकांना.

"ही बया खुणा पुसती, मला म्हाईत हाय," मामा म्हणाले. "लग्नाच्या पयल्या वर्साला वाड्याच्या चौकटीवरच्या समद्या खुणा घासून काढल्या हुत्या हिनं. फडकं घिऊन आली तवाच वळखलं. म्हटलं, कुंकू लावावं. देवाचं कुंकू पुसायचं धाडस न्हाई तिच्यात."

"मी कुठं कुंकू पुसलं?" आत्ती म्हणाल्या. "कुंकू सोडून मधलं तेवढं पुसलं की."

"ते बी म्हाईत हुतं. म्हणून चार लावले."

मला रडू यायला लागलं होतं, पण विचारल्याशिवाय राहवेना. "पण मामा, खूण हीच, हे तुम्हाला कसं कळलं?"

"लाईट गेली की तू आदी त्या फुलीकडं पळतीस. बगतोय की रोज." एवढं बोलून ते तंबाखू मळायला लागले.

रोज! त्यांच्या बाकाचं तोंड भिंतीकडं असतं असं मी इतके दिवस समजत होते.

मी पट्टी ठेवून समोरासमोरचे ठिपके जोडले. फुली परत आली. बिटाचं टोक मधोमध आणलं, बटण दाबलं, आणि कोंबड्याची मान पंखातून वर निघाली, जणू मधे काही झालंच नव्हतं. मग चोच, मग डोळा, मग तुरा. तुऱ्याच्या तिसऱ्या टोकाशी लाकडात गाठ होती. बिट तिथं जरा कुरकुरलं. मी थांबून बोट फिरवून पाहिलं. ठीक वाटलं. खाली नाव उमटलं. मी घासलं, आत्तींनी तेल पाजायला मदत केली, आणि मामा सगळा वेळ बाकावर बसून राहिले. या वेळी तोंड आमच्याकडं करून.

संध्याकाळी बाजारपेठेत बँड वाजला. पाटी वर चढली. उतरत्या उन्हात सागवान तेलानं असं तकाकत होतं की आपट्याची पानं घेऊन निघालेली माणसं थांबून माना वर करायला लागली. चार काय, चाळीस माना वर झाल्या असतील. निवास एका हातानं मिशी पिळत आणि दुसऱ्यानं लोकांचे हात दाबत होता. "मिशी न्हाई, पण मिशीवाल्याची ऐट हाय का न्हाई?" असं प्रत्येकाला विचारत होता. लोक "नाद खुळा" म्हणत होते. मला तर जमिनीवर पाय टेकल्यासारखं वाटत नव्हतं. मशीन राहणार होतं.

जोतीआबाही आले. वर बघून म्हणाले, "बंडू, झ्याक जमलंय गा."

मामांनी वर बघितलं. त्यांनी एक डोळा मिटला. मान डावीकडं कलवली, मग उजवीकडं. दोन पावलं मागं गेले, बँडवाल्याला धडकले, तरी नजर वरच. आणि मग त्या भरल्या बाजारपेठेत, बँडच्या वरताण आवाजात, मला पहिल्यांदा माझ्या नावानं हाक मारली.

"स्वरूपा!"

"काय, मामा?"

"तिसरं टोक बोथट झालंय तुऱ्याचं. गाठ हाय म्हणून सोडून दिलंस न्हवं? आणि पंखाच्या खालची पिसं एकावर एक चढल्यात. आणि डोळा! डोळा लईच वर घेतलायस तू. कोंबडं हाय का घुबड? उद्या सकाळी कारखान्यात हुबी ऱ्हा माझ्यासमोर, दावतो."

बँड थांबला होता. आजूबाजूची माणसं ओशाळून इकडंतिकडं बघायला लागली. सणासुदीचा दिवस, पोरीचं पहिलं मोठं काम, आणि सासरा चारचौघांत असं बोलतो! निवास तर तोंड उघडं टाकून पाटीकडं, मग मामांकडं बघत राहिला.

आणि मी घळाघळा रडत होते आणि हसतही होते. आत्तींचा तो चिखलाच्या लाडवावरचा चेहरा मला आत्ता उलगडला होता. इतक्या पाट्या, इतक्या चौकटी, देवळाची कमान, आणि एका शब्दाची खोड नाही. मिक्सरच्या कामात कोण कशाला खोड काढेल?

आत्तींनी गर्दीतून येऊन माझा हात धरला. "आवो, काय हे! सणाचं पोरीला रडवलं की. असू दे गं, त्यांच्या बोलण्याचं काय एवढं मनाला लावून घ्यायचं."

"आत्ती," मी डोळे पुसत म्हटलं, "अजून काढायला सांगा. चोच राहिलीय."

आत्तींनी मामांकडं बघितलं. पण मामांनी निरोपाची वाट बघितली नाही.

"चोचीचं उद्या," ते म्हणाले, आणि आपट्याची पानं माझ्या हातावर ठेवून, मी पाया पडायला वाकायची वाट बघत, परत वर तुऱ्याकडं बघायला लागले.